दवाखान्यात ‘नको’ म्हणणारी मोठी मुले



पावसाळ्यात मावळातले दवाखाने भरलेले असतात. कुणाला ताप, कुणाला कावीळ, कुणाला भातखाचरात साप चावलेला, कुणाची दुचाकी घाटात घसरून पाय मोडलेला. या गर्दीत एक रुग्ण असा असतो की त्याच्यापुढे घरचेही थकतात आणि नर्सही. पाच वर्षांचा असता तर उचलून मांडीवर घेतला असता. पन्नाशीचा असता तर दोन शब्द समजावून सांगितले असते. पण तो असतो १५-१६ वर्षांचा. सुई दिसली की हात मागे घेतो, सलाईन ओढून काढतो, गोळी जिभेखाली धरून नंतर खिडकीतून टाकतो आणि भिंतीकडे तोंड करून ‘मला घरी न्या’ एवढेच म्हणतो.

अशा वेळी आपल्या घरांत तीन उपाय ठरलेले आहेत. अब्बा ओरडतात, अम्मी रडते आणि मामू नवा मोबाईल घेऊन द्यायचे कबूल करतात. तिन्ही उपायांनी त्या दिवसाची सुई टोचून होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच तमाशा.

या महिन्यात आम्ही याच मुलांविषयी आणि मुलींविषयी बोलणार आहोत. आमचे सांगणे थोडक्यात असे : या वयाच्या मुलाला खरे सांगितले, त्याची लाज राखली आणि स्वतःच्या उपचारातले काही काम त्याच्या हाती दिले, तर तो बहुतेक वेळा साथ देतो. यातले एकही राहून गेले तर तो अडून बसतो, आणि मग आपण त्यालाच हट्टी ठरवतो.

मावळात राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न अधिक जवळचा आहे. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव ही गावे रेल्वे आणि महामार्गाच्या कडेला आहेत. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांतली घरे मात्र आत आहेत. तिथून कान्हे फाट्याचे सरकारी रुग्णालय किंवा तळेगावचे भाऊसाहेब सरदेसाई ग्रामीण रुग्णालय गाठायचे, आणि दुखणे मोठे निघाले तर पुढे पिंपरीचे वायसीएम नाहीतर पुण्याचे ससून. लोणावळ्याहून पुणे सुमारे ६५ किलोमीटर. एका तपासणीसाठी बापाचा दिवसाचा रोजगार आणि मुलाची शाळा बुडते. रोज गोळी दिली की नाही हे पाहायला डॉक्टर घरी येणार नाहीत. म्हणून दवाखान्यातले चार दिवस मुलाने गप्प राहून काढले, एवढ्याने भागत नाही. पुढचे महिने स्वतःची काळजी स्वतः घेण्याची तयारी त्याने तिथूनच आणायला हवी.

नकारामागचे कारण

मूल ‘नको’ म्हणते तेव्हा आधी ‘का नको’ हे कळले पाहिजे. कारणे वेगवेगळी असतात. एखाद्याला सुईची खरीच भीती असते. एखादीला कपडे बाजूला करायची लाज वाटते. कुणाला दहावीची परीक्षा बुडेल याची धास्ती असते. कुणी शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्री मरताना पाहिलेला असतो आणि ते कुणालाच सांगितलेले नसते. कुणाने चाचा आणि अब्बांचे कर्जाविषयीचे बोलणे ऐकलेले असते. एकच ओरडा या सगळ्यांवर कसा लागू पडेल?

हे कारण दहा नातेवाइकांसमोर बाहेर येत नाही. सगळ्यांना चहाला पाठवा. एकाने खाटेशेजारी खुर्ची ओढून बसावे, उभे राहून वरून बोलू नये. प्रेषित मुहम्मद (स.) एका आजारी यहुदी मुलाच्या भेटीला गेले, तेव्हा त्याच्या उशाशी बसले, असे हदीसमध्ये आले आहे. तो मुलगा त्यांची सेवा करणारा होता, वयाने आणि मानाने लहान. तरी ते गेले आणि त्याच्या जवळ बसले. आपणही बसून विचारावे : ‘यातले सगळ्यात जास्त काय नकोसे वाटते?’ मग थांबावे. लगेच उपदेश सुरू करू नये. परीक्षेची धास्ती असेल तर ‘पुरवणी परीक्षा असते, तुझ्या मुख्याध्यापकांशी मी आजच बोलतो’ हे एक वाक्य शंभर धमक्यांपेक्षा उपयोगी पडते.

खरे सांगा, पण वेळेवर सांगा

‘काही दुखणार नाही, मुंगी चावल्यासारखे होईल’ हे आपण चार वर्षांच्या मुलाला सांगतो आणि पंधरा वर्षांच्या मुलालाही. तो सुई टोचून घेतो, त्याला दुखते आणि त्याला कळते की अम्मी खोटे बोलली. पुढे अम्मी शस्त्रक्रियेविषयी जे सांगेल त्यावर तो कसा विश्वास ठेवील? त्याऐवजी असे सांगावे : ‘टोचताना दुखेल, दहा सेकंद. सुई आत गेली की ती काढून फक्त मऊ नळी ठेवतात. मग हात हलवता येतो.’ सलाईनच्या वेळी हातात पोलादी सुई राहत नाही, प्लास्टिकची बारीक नळी राहते, हे पुष्कळ मुलांना कुणी सांगितलेलेच नसते. आत सुई आहे या भीतीने ती रात्रभर हात ताठ धरून जागी राहतात.

खरे न सांगितल्याने उपचार कसा मोडतो, याचे मोठे उदाहरण क्षयरोगाचे आहे. साध्या क्षयरोगाचा उपचार ६ महिन्यांचा असतो. पहिले २ महिने चार औषधे, नंतरचे ४ महिने तीन. यातल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवीचा रंग नारिंगी-तांबूस होतो. घामाचा आणि अश्रूंचाही होऊ शकतो. त्यात धोका काही नाही. पण आधी सांगितले नसेल, तर सोळा वर्षांची मुलगी तो रंग पाहून घाबरते, रक्त जाते आहे असे समजते, लाजेने कुणाला बोलत नाही आणि गुपचूप गोळ्या बंद करते. महिना-दीड महिन्यात बरे वाटू लागलेले असतेच. मग अर्धवट उपचारातून वाचलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि ६ महिन्यांत संपणारे दुखणे कितीतरी लांबते.

आपल्या घरांत त्यावर आणखी एक पडदा पडतो. ‘पोरीच्या लग्नाचे काय? कुणाला कळता कामा नये.’ मग गोळ्यांचे पाकीट पिठाच्या डब्यात लपते आणि मुलीला वाटते की तिने काही गुन्हा केला आहे. ज्या गोष्टीची लाज बाळगायला शिकवली, ती गोष्ट ती मन लावून कशी करील? क्षयरोग जंतूंमुळे होतो आणि पूर्ण उपचाराने बरा होतो. सरकारी दवाखान्यात औषधे फुकट मिळतात. निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले. हे पैसे तिच्या अंड्या-दुधासाठी आहेत, हेही तिलाच सांगावे.

प्रश्न विचारणारे मूल चांगले

सहकार्य याचा अर्थ आपण फार अरुंद करून ठेवला आहे. मुकाट सहन करणारे मूल शहाणे आणि विचारणारे मूल उद्धट, असे आपण धरतो. खरे तर आपल्या शरीरात काय होते आहे हे नेमके सांगणारे मूल डॉक्टरांना सर्वांत जास्त मदत करते.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची हकीकत अनेकांनी वाचली असेल. २००७ मध्ये महाविद्यालयात शिकत असताना, वयाच्या १७व्या वर्षी त्यांना क्षयरोग झाला. २०१३ मध्ये तो उलटला. या दुसऱ्या खेपेच्या उपचारात दिलेल्या इंजेक्शनांच्या दुष्परिणामाने त्यांची श्रवणशक्ती गेली. त्या खचून घरी बसल्या नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांचीही श्रवणशक्ती क्षयरोगाच्या उपचारातच गेली होती. बेडाक्विलिन हे क्षयरोगावरचे तोंडाने घ्यायचे नवे औषध बनवणाऱ्या कंपनीने पेटंटची मुदत वाढवून मागितली, तेव्हा या दोघींनी २०१९ मध्ये त्याला हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा तो अर्ज फेटाळला. इतर कंपन्यांना ते औषध स्वस्तात बनवण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

यातून आपल्या मुलांनी घ्यायचा धडा साधा आहे. औषध चालू असताना कानात गुणगुण झाली, डोळ्यांपुढे अंधुक झाले, त्वचा किंवा डोळे पिवळे दिसले, पायाला मुंग्या आल्या, तर त्याच दिवशी सांगायचे. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही आणि मुकाट सोसायचेही नाही. एक छोटी वही उशाशी ठेवा. मुलाने त्यात प्रश्न लिहावेत आणि डॉक्टर राऊंडला आले की स्वतः विचारावेत. अब्बांनी मध्ये बोलू नये, ही खरी परीक्षा अब्बांचीच आहे!

सुईची भीती

सुईची भीती हा मुलाचा भित्रेपणा समजू नका. काहींचा रक्तदाब सुई किंवा रक्त पाहताच एकदम खाली येतो आणि ती चक्कर येऊन पडतात. अशा मुलाने आधीच तसे सांगावे आणि आडवे पडून सुई घ्यावी. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात यावर एक सोपी रीत बसवली. मांड्या, पोट आणि मोकळ्या हाताचे स्नायू १०-१५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटू लागला की सोडायचे, थोडे थांबून पुन्हा आवळायचे. त्याने रक्तदाब खाली येत नाही. ज्या हाताला सुई टोचायची तो मात्र सैल ठेवायचा. घरी आठ-दहा वेळा सराव केला की दवाखान्यात जमते.

ज्यांना चक्कर येत नाही, फक्त भीती वाटते, त्यांनी सुई टोचताना लांब श्वास सोडावा. त्वचा बधिर करणारे मलमही मिळते, ते डॉक्टरांना विचारून सुमारे तासभर आधी लावावे लागते. ‘उजवा हात की डावा?’, ‘बघायचे आहे की तोंड फिरवायचे?’, ‘तीन म्हटल्यावर टोचू का?’ एवढे विचारले तरी मुलाला वाटते की शरीर अजून आपले आहे. मात्र ‘सुई घेतोस की नाही?’ असे विचारू नका. जिथे निवड नाही तिथे निवड असल्याचे सोंग केले, तर मूल चिडते आणि ते रास्तच आहे.

चिक्कीचा तुकडा

शस्त्रक्रियेआधी उपाशी राहायला सांगतात. साधारणपणे जड काही ६ तास आधी बंद आणि साधे पाणी २ तास आधी बंद, असा नियम असतो. नेमकी वेळ आपल्या डॉक्टरांची. १५ वर्षांच्या मुलाला भूक लागते. भेटीला आलेला मित्र खिशातून लोणावळ्याची चिक्की काढतो, नाहीतर खालच्या गाडीवरून वडापाव आणतो. ‘एवढ्याशाने काय होते?’

काय होते ते मुलाला सांगा. भूल दिली की गिळण्याची आणि खोकण्याची यंत्रणा झोपते. पोटात अन्न असेल तर ते घशात वर येऊन श्वासनळीत आणि फुप्फुसात जाऊ शकते. त्यात जीव धोक्यात येतो. ‘डॉक्टर रागावतील’ हे कारण त्याला पटणार नाही, हे कारण पटेल. आणि त्याहून महत्त्वाचे : ‘चुकून खाल्लेच असेल तर सांग, कुणी रागावणार नाही, फक्त वेळ पुढे ढकलतील.’ हे वचन द्या आणि पाळा. विडी, तंबाखू, गुटखा, एखादी गोळी, काहीही घेतले असेल तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते ठाऊक असलेच पाहिजे. घरातल्या माराच्या भीतीने मुलगा टेबलावर खोटे बोलला तर त्याची किंमत फार मोठी पडेल.

शस्त्रक्रिया झाल्यावरचे काम तर सगळे मुलाचेच असते. दुखत असताना खोल श्वास घेणे, टाक्यांवर उशी धरून खोकणे, दुसऱ्या दिवशी उठून चार पावले चालणे, मोडलेल्या पायाचा व्यायाम करणे. हे अम्मी त्याच्याऐवजी करू शकत नाही. वेदना असह्य असेल तर औषध मागावे. वेदनेवरचे औषध घेऊन चालणारा मुलगा, न घेता पडून राहणाऱ्यापेक्षा लवकर बरा होतो.

लाज आणि पडदा

आता नाजूक गोष्ट. आपण मुलांना हया शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण आजारपणात हीच लाज कधी जिवावर येते.

मुलग्यांमध्ये अंडकोषाला पीळ पडण्याचा एक आजार असतो. तो १२ ते १८ या वयात जास्त आढळतो. अचानक भयंकर दुखते, मळमळते, उलटी होते. पहिल्या ६ तासांत शस्त्रक्रिया झाली तर अवयव बहुधा वाचतो, २४ तासांनंतर क्वचितच. मुलगा मात्र लाजेने ‘पोटात दुखते’ एवढेच सांगतो. दादी ओवा देते, रात्र जाते. पवन मावळातल्या आतल्या गावातून दवाखाना गाठायचा असेल तर त्या ६ तासांतला वेळ रस्त्यातही जाणार आहे. म्हणून अब्बांनी किंवा मोठ्या भावाने मुलाला आजारी पडण्याआधीच एकदा सांगून ठेवावे : ‘तिथे अचानक दुखले तर मध्यरात्रीही मला उठव.’ मुलींच्या बाबतीत पाळीचा अतिरक्तस्राव, छातीतली गाठ, लघवीची जळजळ याबद्दल अम्मीने तसेच बोलून ठेवावे.

उपचारासाठी गरज असेल तेव्हा, गरजेपुरता शरीराचा भाग डॉक्टरांना दाखवण्याची परवानगी इस्लामी कायद्याच्या जाणकारांनी दिलेली आहे. मुलीसाठी महिला डॉक्टर मिळत असेल तर जरूर मागावी. मिळत नसेल तर तपासणीच्या वेळी नर्स आणि अम्मी जवळ असाव्यात, पडदा ओढावा, नको तेवढे कपडे काढायला लावू नयेत. ही मागणी नम्रपणे पण स्पष्ट करावी, तो रुग्णाचा हक्क आहे. पण महिला डॉक्टर येईपर्यंत तातडीचा उपचार थांबवू नये.

काही वेळ डॉक्टरांना मुलाशी एकट्याने बोलू द्या. आपल्यासमोर न सांगितलेले तो त्यांना सांगेल. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये १० ते १९ वयोगटासाठी सुरू झाला. त्याखाली महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ नावाची किशोर केंद्रे आहेत, तिथे मुलामुलींशी खासगीत बोलून सल्ला देतात. आपल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात त्याची चौकशी करावी.

रोजा आणि इन्सुलिन

काही मुले धर्माच्या ओढीनेही औषध टाळतात, आणि त्यांच्यावर रागवावे कसे हेच कळत नाही. टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलाला इन्सुलिन रोज लागतेच. रमजानमध्ये सगळे घर रोजा ठेवते, त्याचे मित्र ठेवतात, आणि तो एकटा दुपारी जेवतो. मग तो न सांगता रोजा ठेवतो आणि इन्सुलिनही सोडतो. अशाने रक्तात आम्ल वाढून मूल बेशुद्धीपर्यंत जाऊ शकते. तिकडे इन्सुलिन घेतले आणि पोट रिकामे राहिले तर साखर धोकादायक खाली येते.

सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजाची सवलत दिलेली आहे. ही सवलत अल्लाहची आहे, ती घेणे हा कमीपणा नाही, हे मुलाला इमामसाहेबांच्या तोंडून ऐकू द्या. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ मध्ये निर्णय दिला आहे की पोषण न देणाऱ्या, त्वचेतून किंवा स्नायूतून घेतलेल्या इंजेक्शनाने रोजा तुटत नाही. म्हणजे ‘रोजा तुटेल’ म्हणून सुई सोडण्याचे कारण उरत नाही. रोजा ठेवावा की नाही, हे रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. जो ठेवू शकत नाही त्याला इफ्तारची तयारी, मशिदीत पाण्याची सेवा असे मानाचे काम द्यावे, म्हणजे तो एकटा पडणार नाही. नमाज खाटेवर बसून, पडून, इशाऱ्यानेही होते. पाणी चालत नसेल तर तयम्मुम आहे. हे ठाऊक असले की मुलाला दवाखान्यातही आपली नमाज सांभाळता येते आणि मन थाऱ्यावर राहते.

पैशाची कुजबुज आणि भेटायला येणारे

मुले खर्चाची कुजबुज ऐकतात. ‘आता गाडी विकावी लागेल’ हे वाक्य कानावर पडले की समजूतदार मुलगाच ‘मला बरे वाटते, घरी चला’ म्हणू लागतो. त्याचा हा नकार प्रेमातून आलेला असतो. पैशाचे बोलणे बाहेर करा, आणि त्याला विचारले तर खरे सांगा : ‘खर्च आहे, पण तो बघणे आमचे काम. तुझे काम बरे होणे.’ महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी त्याला भेटा. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक २०१४ पासून राज्यभर चालू आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

इयादत करणे पुण्याचे आहे, पण ती आजाऱ्याला सुख देणारी हवी. वीस जणांनी खाटेभोवती उभे राहून त्याच आजाराने कोण कसा गेला हे सांगणे ही इयादत नाही. पाच मिनिटे बसा, दुआ करा, निघा. मुलाच्या एका-दोन मित्रांना मात्र जरूर येऊ द्या. समवयस्काचा शब्द या वयात फार चालतो. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने २००९ मध्ये ‘उगम’ हा गट सुरू केला. लहानपणी कर्करोग होऊन बरे झालेले तरुण त्यात आहेत आणि उपचार घेणाऱ्या मुलांना ते धीर देतात. ‘मलाही झाला होता, माझेही केस गेले होते, हे बघ आले,’ हे वाक्य डॉक्टरांना म्हणता येत नाही. आपल्या मोहल्ल्यातही असा कुणी असतोच, ज्याचा पाय मोडून नीट झाला, जिने ६ महिने गोळ्या घेऊन क्षयरोग हरवला. त्यांना बोलवा.

निर्णय कुणाचा?

१८ वर्षांखालील मुलाच्या संमतीपत्रावर पालक सही करतात. पण बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, जो भारताने १९९२ मध्ये मान्य केला, मुलाचे मत त्याच्या वयाप्रमाणे ऐकून घेण्याचे कलम आहे. सही करण्याआधी तो कागद त्याला वाचून दाखवा. हळूहळू जबाबदारी द्या : १३व्या वर्षी आपल्या औषधांची नावे सांगता यावीत, १५व्या वर्षी गोळ्या स्वतः घेऊन वहीत खूण करावी, १७व्या वर्षी डॉक्टरांशी स्वतः बोलावे. आपण फक्त आठवड्यातून एकदा वही पाहावी.

दोन प्रसंगी मात्र वाटाघाट करू नये. जीव धोक्यात असेल, म्हणजे सर्पदंश असेल, रक्त वाहत असेल, श्वास लागत असेल, तेव्हा घट्ट हात धरावा आणि उपचार होऊ द्यावा. समजूत नंतर घालता येते. आणि ‘मला बरेच व्हायचे नाही, जगून काय करू’ असे मूल बोलले तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांना लगेच सांगावे. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तिथे दिवसरात्र मोफत बोलता येते.

मुलांनो, तुमच्याशी दोन शब्द

भीती वाटणे यात कमीपणा नाही. ती सांगा. दुखते ते सांगा, लाज वाटते तेही सांगा, गोळी टाकून दिली असेल तर तेही सांगा. न समजलेला प्रश्न दोनदा विचारा. अल्लाहने आजार दिला तसा इलाजही ठेवला आहे, ही आपली श्रद्धा आहे. तो इलाज शोधणारे डॉक्टर, सुई टोचणारी नर्स आणि रात्रभर स्टुलावर बसून राहिलेली अम्मी, हे सगळे आपापला वाटा उचलतात. एक वाटा असा आहे की जो तुमच्याशिवाय कुणीच उचलू शकत नाही. संध्याकाळची गोळी तुम्हालाच गिळायची आहे.

आणि पालकहो, उद्या तुमचे मूल दाखल झाले तर पहिल्या दिवशी फळांची पिशवी नेण्याआधी एक वही आणि पेन न्या. खुर्ची जवळ ओढा आणि विचारा. अल्लाह सर्व आजारी मुलांना शिफा देवो. आमीन.